सुपरफेचचे वकीलपत्र

भिवंडीच्या निजामपुऱ्यातील ज्या गल्ल्यांत यंत्रमागांचा अखंड खडखडाट हीच शांततेची सर्वमान्य व्याख्या होऊन बसली आहे, तेथील रयत धंद्यातील मंदी निमूटपणे सोसते. परंतु घरच्या संगणकाची मंदी तिला क्षणभरही सोसवत नाही, आणि या असहिष्णुतेचा सारा रोख सुपरफेच नामक एका अदृश्य सेवेवर असतो. आरोप असा की, मालकाने हुकूम सोडण्यापूर्वीच ही सेवा त्याला कोणता प्रोग्रॅम लागेल याचा तर्क करते, तो डिस्कवरून उचलून स्मृतीत आणून ठेवते आणि अशा रीतीने त्याची कष्टार्जित रॅम गिळंकृत करते. आरोपीच्या वतीने कोणीच उभे राहत नसल्यामुळे हे वकीलपत्र आम्ही विनामूल्य स्वीकारले आहे. अशील निर्दोष आहे, असा मात्र आमचा दावा नाही.

प्रथम कुलवृत्तान्त. २००१ सालच्या विंडोज एक्सपीमध्ये प्रीफेचर नावाचा पूर्वज होता, जो प्रोग्रॅम उघडताना आरंभीच्या काही क्षणांत कोणकोणत्या फाइली लागल्या याची टिपणे आपल्या दप्तरात ठेवी आणि पुढील खेपेस त्या एकगठ्ठा वाचून घेई. (हे दप्तर वरचेवर पुसून टाकल्याने यंत्र वेगवान होते अशी समजूत आजही प्रचलित आहे, प्रत्यक्षात ते पुसल्यावर पुढील उघडणी अधिकच रेंगाळते, कारण साऱ्या नोंदी नव्याने कराव्या लागतात.) ३० जानेवारी २००७ रोजी विंडोज व्हिस्टा सर्वसामान्यांसाठी बाजारात आली आणि तिच्यासमवेत सुपरफेच अवतरला, ज्याने मालक कोणत्या वारी व कोणत्या प्रहरी काय उघडतो याचाही मागोवा ठेवण्यास प्रारंभ केला. योगायोग असा की, त्याच्या चारच दिवस आधी, २६ जानेवारीस, भिवंडीच्या वीजवितरणाचा कारभार महावितरणकडून टोरंट पॉवरच्या हाती गेला होता. म्हणजे एकाच आठवड्यात भिवंडीकरांस वीज आणि स्मृती या दोहोंचे नवे कारभारी लाभले, आणि त्यातही दुसऱ्याचे सारे कर्तृत्व पहिल्याच्या मेहेरबानीवर अवलंबून, कारण वीज खंडित होताच रॅममधील संपूर्ण साठा शून्यवत होतो.

आश्चर्य याचे वाटते की, आगाऊ साठ्याविरुद्ध ही ओरड भिवंडीत व्हावी! ज्या तालुक्यात राहनाळ, काल्हेर, माणकोली अशा गावोगावी गोदामे उभी आहेत, आणि मुंबईकराने अद्याप मागवलेलाही नाही असा साबण, फोन व पादत्राणे यांचा ढीग केवळ तो उद्या मागवील या भरवशावर जेथे रचून ठेवलेला असतो, तेथील नागरिकास सुपरफेचचे तत्त्व समजावून सांगण्याची वास्तविक गरजच पडू नये. अॅमेझॉनने तर मागणी नोंदवली जाण्यापूर्वीच माल ग्राहकाच्या दिशेने रवाना करण्याच्या युक्तीवर २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकन पेटंटच मिळविले. रिकामे गोदाम पाहून कोणत्याही मालकास आनंद होत नाही. पण रॅम रिकामी दिसली की हाच मालक धन्यता मानतो आणि भरलेली दिसली की हवालदिल होतो. वस्तुतः सुपरफेचने भरलेली ती जागा राखीव नसते. दुसऱ्या प्रोग्रॅमने मागताच विनातक्रार मोकळी करून दिली जाते.

येथवर अशिलाची बाजू भक्कम आहे. परंतु गोदामाची किंमत कारखाना दूर असेल आणि रस्ता खराब असेल तेव्हाच, हे माणकोली नाक्यावर तासभर खोळंबलेल्या कोणत्याही टेम्पोवाल्यास ठाऊक असते. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटास ७,२०० फेरे घेई, तिच्या वाचक भुजेस योग्य स्थळी पोहोचण्यास सुमारे ९ मिलिसेकंद लागत आणि तबकडीचा हवा तो भाग खाली येईपर्यंत आणखी सरासरी ४; अशा स्थितीत आधी आणून ठेवलेला माल हा खरोखर मोठाच दिलासा होता. दुर्दैव एवढेच की, साठा करणारी वाहतूकही त्याच एकुलत्या भुजेवरून जाई, आणि ती कनिष्ठ प्राधान्याने चालवण्याचा बंदोबस्त असूनही, तर्क चुकला वा रॅम मुळातच तुटपुंजी असली म्हणजे मालकाचे काम आणि त्याच्या हिताची सेवा यांची त्या चिंचोळ्या मार्गावर रीतसर कोंडी होई. पुढे एसएसडी आली, तिला हेच काम करण्यास एक दशांश मिलिसेकंदही लागेनासा झाला, आणि २००९ च्या विंडोज ७ ने पुरेशी वेगवान एसएसडी दिसताच सुपरफेचला रजा देण्याची तजवीज केली. २०१८ पासून त्याचे नाव सिसमेन झाले आहे. पण नाव बदलले म्हणून फिर्यादींनी पिच्छा सोडला असे मात्र झाले नाही.

आणि ज्यांचा पिच्छा पुरवावा ते मात्र उजळमाथ्याने वावरत आहेत. सुपरफेच निदान मालकाच्या सवयी पाहून तर्क करीत असे. आता ज्याने त्याने आपापलाच प्रोग्रॅम मालकाला आधी लागणार असे परस्पर ठरवून टाकले आहे. एज ब्राउझर यंत्राबरोबरच जागा होऊन पार्श्वभूमीत बसतो. २०२५ मध्ये वर्डसाठी अशीच आगाऊ हजेरीची सोय आली, जिच्यासाठी किमान ८ जीबी रॅम आणि डिस्कवर ५ जीबी मोकळी जागा असावी अशी अट आहे; त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत फाइल एक्सप्लोरर, म्हणजे केवळ आपल्याच फाइलींची यादी दाखवणारी खिडकी, तीही आधीच सिद्ध करून ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला. प्रोग्रॅम हलका करण्यास खर्च येतो तो कंपनीला. तो आगाऊ भरून ठेवण्यास लागणारी रॅम मालक विकत घेतो. जमाखर्चाची ही पद्धत ज्याने शोधली त्यास आमच्या सुताच्या दलालांनीही गुरुस्थानी मानावे.

आमच्या शेजाऱ्यांच्या भाच्याने मात्र खऱ्या गुन्हेगाराचा निकाल लावला आहे. रविवारी येऊन त्याने मामांच्या लॅपटॉपवरील सिसमेन बंद केले, आणि "मामा, आता बघा कसा पळतो!" असे सांगून चहा व खारी यांचा समाचार घेतला. लॅपटॉप खरोखरच पळू लागला. चौकशीअंती एवढेच निष्पन्न झाले की, सेवा बंद करताना भाच्याने यंत्र एकदा रीस्टार्टही केले होते, आणि झाकण मिटण्यापलीकडे ते बंद करण्याचा प्रसंग मामांवर गेल्या दिवाळीपासून आलेला नव्हता.