आता आम्ही नेटिव्हही नाही

सातारा, भाऊबीज,
23 ऑक्टोबर 2025

प्रति,
समन्वयक, शिक्षक निवड,
दहा दिवसांचे इंग्रजी शिबिर, थायलंड

महोदया,



आपला नकार मिळाला. नकार कसला, मानपत्रच ते! माझा नमुना पाठ 'फार जिवंत' झाला, माझं इंग्रजी 'अतिशय स्वच्छ' आहे, मुलांना मी नक्की आवडले असते, असं आपण लिहिलंत. सोळा वर्षांच्या नोकरीत आमच्या एकाही मुख्याध्यापकांनी माझ्या गोपनीय अहवालात इतकं गोड लिहिलेलं नाही. पुढच्या ओळीत मुद्दा आला. पालकांना नेटिव्ह स्पीकर लागतो, सबब यंदा जमणार नाही. आणि त्याच्याही खाली, सहज आठवल्यासारखी, आणखी एक ओळ होती. त्या पाठाचं टिपण आणि वर्कशीट तेवढी पाठवाल का? आमचे शिक्षक नवीन आहेत.

त्या वेळी माझ्या हातात चकलीचा सोऱ्या होता. आठ दिवस आधीच फराळ करायला घेतला होता, कारण ऐन दिवाळीत मी तुमच्याकडे असणार होते ना! सासूबाईंना महिनाभर पटवत होते. 'लक्ष्मीपूजनाला घरची बाई परदेशात?' या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्हा विनाअनुदानित शाळांतल्या अनेकींना मे महिन्याचा पगार मिळत नाही, तो खड्डा कुठून तरी भरायचा असतो, एवढंच काय ते सांगितलं. त्या गप्प बसल्या आणि दुसऱ्या दिवशी भाजणी दळून आणली. ईमेल वाचून झाल्यावर मी सोऱ्या ठेवला, आणि त्यानंतरची पहिली चकली तेलात पडताच विरघळली. मोहन जास्त झालं होतं. त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. बाकी सगळा देते.

ऑक्टोबरच का, तेही सांगते. सुट्टीत परदेशी जाऊन चार पैसे मिळवावेत असं मनात आणलेल्या मराठी शिक्षिकेचं पंचांग जगाशी जुळतच नाही. तुमच्याकडची मोठी सुट्टी मार्च-एप्रिलची, तेव्हा आमच्या परीक्षा. आमची मोठी सुट्टी मेची, तर तुमच्या शाळा मेच्या मध्याला उघडतात. विलायतेतली उन्हाळी शिबिरं जुलै-ऑगस्टची, तोवर इथे पहिली घटक चाचणी येते. दक्षिण कोरियाच्या वाटेला तर जाऊच नये. इंग्रजी शिकवण्याचा त्यांचा व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. यातल्या आयर्लंडच्या राज्यघटनेत पहिली अधिकृत भाषा आयरिश आहे, इंग्रजी दुसरी. दक्षिण आफ्रिकेत अधिकृत भाषा 12. पण ते असो. उरतो तुमचा ऑक्टोबर. तेव्हा तुमच्या दोन सत्रांमध्ये सुट्टी पडते, आणि दिवाळी ऑक्टोबरात आली तर आमचीही. यंदा लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं. असा योग काही दरवर्षी येत नाही.

किरकोळ तक्रारी एका दमात सांगून टाकते. अर्जासोबत पूर्णाकृती फोटो मागितलात, तेव्हा हे शिक्षिकेचं स्थळ आहे की लग्नाचं, अशी शंका आली. चाळिशीच्या पुढचे अर्ज 'शक्यतो' नकोत म्हणालात. वर्क परमिटचं विचारलं, तर 'पर्यटक म्हणून या, सगळे तसेच येतात' असं उत्तर मिळालं. बाई, नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडच्या सरकारने भारतीयांना व्हिसाशिवाय यायला मोकळीक दिली ती समुद्र बघायला. परवान्याशिवाय काम करताना सापडलं तर दंड 5,000 ते 50,000 बाट, वर हकालपट्टी. म्हणजे दहा दिवसांची बिदागी बुडालीच, परतीचं तिकीटही आधी काढावं लागलं असतं.

आणि परीक्षा! इंग्रजी येतं हे सिद्ध करायला मी आयईएल्ट्सला बसले. तो निकाल दोन वर्षंच ग्राह्य धरतात. म्हणजे माझं इंग्रजी दोन वर्षांनी पनीरसारखं नासतं. नेटिव्ह माणसाचं मात्र लोणच्यासारखं, जितकं जुनं तितकं मुरलेलं.

आता त्या शब्दाकडे येते.

महोदया, 'नेटिव्ह' या शब्दाचं आणि आमचं नातं जुनं आहे. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत नेटिव्ह म्हणजे आम्ही. साहेब सोडून बाकी सगळे. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी नावाची संस्था होती, तिचे नेटिव्ह सेक्रेटरी होते आमचे बाळशास्त्री जांभेकर. कोकणातल्या पोंभुर्ल्याचा हा माणूस. त्याने 1832 साली 'दर्पण' काढलं, तेही मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. 1834 साली एल्फिन्स्टनमध्ये त्याला नेमलं, पद असिस्टंट प्रोफेसर. तुमच्याकडेही मला आधी 'असिस्टंट'च देऊ केलं होतंत, म्हणजे परंपरा चांगली टिकली आहे म्हणायची. इंग्रज इथे होता तोवर नेटिव्ह ही आमची पायरी होती, ती आम्हाला खालच्या दारातून आत घ्यायची. इंग्रज गेला, त्या शब्दाचा भाव वाढला, आणि तो भाव चढताच तुम्ही तो आमच्याकडून काढून घेतलात. पूर्वी आम्ही नेटिव्ह म्हणून चालत नव्हतो. आता नेटिव्ह नाही म्हणून चालत नाही.

तरीही मी वर्कशीट पाठवली. का पाठवली, ते माझं मलाच नीटसं माहीत नाही. एक नवखा पोरगा चाळीस मुलांसमोर रिकाम्या हातांनी उभा आहे, हे चित्र मला बघवत नाही. शिक्षकाची ती खोड आहे आणि तुमच्यासारख्या मंडळींचा सगळा धंदा त्याच खोडीवर चालतो.

मग नरकचतुर्दशीच्या रात्री फोन वाजला. इथे आठ, तुमच्याकडे साडेनऊ. तुमच्या नव्या शिक्षकाचा होता, माझा नंबर त्याला तुम्हीच दिलेला. पडद्यावर बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, कोवळ्या कणसाच्या तुऱ्यासारखे केस, नाक उन्हाने सोललेलं, अंगात शिबिराचा पिवळा टीशर्ट. अतिशय नम्र. म्हणाला, तुमच्या तिसऱ्या वर्कशीटमध्ये 'सिन्स' आणि 'फॉर' आहे, मला वापरता येतं, पण मुलं 'का' असं विचारतात आणि मला ते सांगता येत नाही. मी विचारलं, घरी आई कुठली भाषा बोलते? बल्गेरियन, म्हणाला. इंग्रजी तो शाळेत शिकला. पाचवीपासून.

मीही पाचवीपासूनच. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. माझ्या वेळी मराठी शाळेत पाचवीला ए-बी-सी-डी सुरू व्हायची, आणि घरी आजोबांची तर्खडकर भाषांतर पाठमाला असायची, पानं सुटलेली, दोऱ्याने बांधलेली.

म्हणजे तुमचा नेटिव्ह तोही नव्हता! नेटिव्ह होते त्याचे केस.

मी त्याला समजावलं. सिन्स म्हणजे खुंटी, फॉर म्हणजे दोरी. गाय कुठे बांधली ते सांगायचं असेल तर खुंटी दाखव. सोमवार, 2019, सकाळचे सात. दोरी केवढी ते सांगायचं असेल तर लांबी मोज. तीन दिवस, सहा वर्षं, दोन तास. फळ्यावर गाय काढ, मुलं हसतील, हसू दे. तो वहीत गाय काढत होता, मला दिसत होतं. गाय कुत्र्यासारखी झाली होती. मी म्हटलं, चालेल, खुंटी नीट काढ.

हे मला कुठून सुचलं? मला स्वतःला दोन वर्षं ते समजलं नव्हतं, तिथून सुचलं. ज्या ठेचा तुमची मुलं खाणार आहेत, त्या सगळ्या मी खाऊन बसले आहे. मराठीत 'ए', 'ॲन', 'द' नाहीत, थाई भाषेतही नाहीत. आम्हाला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना एकच 'व', तुमच्याकडे 'व्ही' नाहीच. आमच्या खेड्यातला पोरगा 'इस्कूल' म्हणतो, तुमचा 'सकूल' म्हणतो. जोडाक्षराच्या उंबऱ्यावर दोघेही अडखळतात, एक आधी ठेच खातो, एक मध्ये. उंबरा किती उंच आहे ते घरात जन्मलेल्याला कुठून कळणार? बाहेरून आत आलेल्याला कळतं. रॉबर्ट फिलिपसन यांनी 1992 च्या 'लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम' या पुस्तकात नेटिव्हच उत्तम शिकवतो या समजुतीला 'नेटिव्ह स्पीकर फॅलसी' म्हटलं, आणि तिचं मूळ युगांडातल्या मकेरेरे इथे 1961 साली झालेल्या परिषदेत दाखवलं. तेही असो, परिषदा काय होतच असतात.

इथवर मी हसत लिहिलं. आता हसत नाही. तुम्ही मला नाकारलंत याचं फार वाईट वाटलं नाही, नकाराची सवय आहे. माझं काम ठेवून घेतलंत आणि मला दाराबाहेर ठेवलंत, त्याचा संताप येतो. माझं टिपण चाललं, माझी वर्कशीट चालली, रात्री आठला माझी गाय आणि खुंटी चालली. तोंड तेवढं चाललं नाही. मुलांना शिकवायला मी योग्य, पालकांच्या फोटोत अयोग्य. ही शिक्षक भरती नाही, हा दुकानातला पुतळा आहे. कपडे शिवणारी आत बसते आणि काचेत पुतळा उभा राहतो.

हेच सगळं ऐकवायला मी परवा तुम्हाला फोन लावला. लक्ष्मीपूजन आटोपलं होतं, धीर आला होता. इंग्रजीतली तीन-चार कडक वाक्यं पाठ करून ठेवली होती. तुम्ही कॅमेरा बंद ठेवून ती सगळी ऐकून घेतलीत. मग एवढंच म्हणालात, 'मॅडम, मी फिलिपिन्सची.'

आणि हळूहळू सांगत गेलात. अकरा वर्षं तिथे आहात. पहिलीपासून इंग्रजीत शिकलात, तुमच्या देशाच्या राज्यघटनेत इंग्रजी अधिकृत भाषा आहे, आणि तरी कागदावर तुम्हीही नॉन-नेटिव्ह. त्या बावीस वर्षांच्या पोराला तुमच्या दीडपट मिळतात. तो आजारी पडला की वर्ग तुम्ही घेता, पण त्या दिवशी फोटो काढत नाहीत. संस्थेच्या माहितीपत्रकात तुमचं नाव आहे, चेहरा नाही. मुलगी सहावीत, आजीकडे वाढते, वर्षातून एकदा भेटते. मला पाठवलेला तो गोड नकार तुम्ही दरवर्षी चाळीसेक जणींना पाठवता. त्यातलं कौतुक मात्र दर वेळी नव्याने लिहिता, कारण ते खरं असतं, असं म्हणालात.

माझी कडक वाक्यं तशीच राहिली. तुमच्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते, आणि मागे कुठेतरी कपबश्या विसळल्याचा आवाज येत होता. तुम्हीच विसळत होतात का? विचारायचं राहून गेलं.

म्हणून हे पत्र लिहायला बसले तेव्हा वरचा 'महोदया' खोडावा की काय, असं मनात आलं. ठेवला. पण इथून पुढे मी तुम्हाला ताई म्हणते, तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या आहात असं तुमच्याच बोलण्यात आलं होतं. ताई, तुमच्या मालकांना सांगा, वर्कशीटचं बिल सोबत जोडलं आहे. सहा पानं, नमुना पाठ एक, रात्रीचं मार्गदर्शन एक. दर तोच लावला आहे, जो त्यांनी त्या मुलाला लावला. ते देणार नाहीत हे मला माहीत आहे, तरी कार्यालयात बिलाची आवक नोंद करून घ्या. आणि त्या मुलावर रागावू नका. त्याने काल फळ्याचा फोटो पाठवला. खुंटी सुरेख काढली आहे, गाय अजून कुत्रीच आहे.

पुढच्या वर्षी अर्ज करा, मी आतून प्रयत्न करते, असं तुम्ही म्हणालात. मी पंचांग काढून पाहिलं. 2026 साली लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. तोवर तुमच्या शाळांचं दुसरं सत्र सुरू झालेलं असेल.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका (मातृभाषा मराठी)

ता. क. 2027 ला ते 29 ऑक्टोबरला आहे. माझा फोटो तुमच्याकडे आहेच, नवा पाठवणार नाही.