भाऊसाहेब ओळखतात

आमच्या सोसायटीतल्या भाऊसाहेबांना कुणी फसवू शकत नाही, असं भाऊसाहेब सांगतात. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अॅनालिसिस' नावाची संस्था निघाली आणि तिनं प्रचाराच्या सात युक्त्यांची यादी केली. १९४२ साली ती बंद पडली. उरलेलं काम भाऊसाहेब पाहतात.

टीव्हीवर पांढऱ्या कोटवाला टूथपेस्ट घेऊन आला, की हे ओरडतात, "साक्षीदार! चौथी!" साबणवाली नटी दिसली की, "१९४१ साली लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत आल्या, तेव्हापासून हेच चालू आहे!" 'घराघरांत पसंती' म्हटलं, की सातवी : सगळे निघालेत, तुम्हीही चला. १९७१चं 'गरिबी हटाओ' आणि २००४चं 'इंडिया शायनिंग' या दोन्ही घोषणा त्यांच्या लेखी दुसरीत मोडतात. "नुसते चमचमते शब्द! एक चाललं, एक आपटलं. पण कोण करणार, कसं करणार, विचारलं कुणी?" भाचीला स्थळ आलं, तेव्हा 'निर्व्यसनी, सुस्वभावी' एवढं वाचूनच ते म्हणाले, "पगार कुठाय? सोयीचे तेवढे पत्ते उघडे. सहावी!"

परवा त्यांना न आवडणाऱ्या पक्षाचा उमेदवार वस्तीत मांडी घालून पिठलं-भाकरी जेवला. "पाचवी! साधेपणाचं सोंग! भाकरीआधी कॅमेरा पोचला होता." दुसऱ्या दिवशी त्यांच्या लाडक्या उमेदवारानं तेच पिठलं खाल्लं. मी हळूच म्हटलं, "पाचवी?"

"छे हो! ते मुळातच जमिनीवरचे."

"पण कॅमेरा..."

"तुम्ही त्यांचेच! विकले गेलेले लोक!"

माणसावर शिक्का मारून मोकळं होणं ही यादीतली पहिली युक्ती. ती भाऊसाहेब कधी समजावून सांगत नाहीत, थेट करूनच दाखवतात.

वहिनींना सातांतली एकही येत नाही. दुकानात भाऊसाहेब बिस्किटांच्या पुड्यावरचं '२० टक्के जादा' वाचून दुकानदाराला न्यूयॉर्कची हकीकत ऐकवत असतात, तेवढ्यात वहिनी पुडा उलटा करून वजन बघतात आणि विचारतात, "जादा म्हणजे कशापेक्षा? मागच्या खेपेला एवढ्याच पैशांत यापेक्षा जास्त होती." पुडा परत फळीवर जातो. हकीकत मात्र चालू राहते.

काल लाडके उमेदवार हात जोडून दारात आले. भाऊसाहेब धन्य झाले. "सर्वांगीण विकास, पारदर्शक कारभार," उमेदवार म्हणाले. भाऊसाहेब मान डोलावत राहिले; दुसरीचा उच्चारही नाही.

चहा पुढे करत वहिनींनी विचारलं, "पाणी किती वाजता सोडणार?"

"माई, विकास झाला की पाणी..."

"हो, पण किती वाजता? मला टाकी भरायची असते."

उमेदवारांनी आशेनं भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते घाईघाईनं म्हणाले, "मनावर घेऊ नका हो. ही काय, सगळ्यांनाच विचारते."