कशेडीची बाई बेकार झाली

कशेडी घाटात रात्री-अपरात्री लिफ्ट मागणाऱ्या पांढऱ्या साडीतल्या बाईवर सध्या घरी बसायची पाळी आली आहे. २०२३च्या गणपतीच्या तोंडावर बोगद्याची एक मार्गिका सुरू झाली आणि पोलादपुराहून खेडला जाणाऱ्या गाड्या डोंगराच्या डोक्यावरून जायच्या, त्या पोटातून जायला लागल्या. अर्ध्या-पाऊण तासाची वळणं दहा मिनिटांवर आली. आता वर जुन्या घाटात उभं राहून बाईने हात दाखवायचा तरी कुणाला? धरणग्रस्ताला दाखला मिळतो, रेल्वेत जमीन गेलेल्याला मिळतो. हिचं नाव सातबाऱ्यावर नाही, रेशनकार्डावर नाही. मतदारयादीत मात्र असू शकेल, बघायला हवं.

आमच्या घरात त्यामुळे बोगद्याचं स्वागत जरा सुतकातच झालं. आमचा भाचा राहतो पोलादपुरात, नोकरी महाडच्या एमआयडीसीत, तिसऱ्या पाळीला. पहाटे दोन ते चार प्लँट शांत असतो, तेव्हा तो वहीत लिहितो. तीन पावसाळे खपून त्याने एक भयपट लिहिला. नायिका अर्थात कशेडीची बाई. पटकथा पुरी झाली आणि तिच्यातली वळणंच शासनाने रद्द केली.

"मामा, आता हिचं काय करू?"

"बोगद्यात घाल."

"बोगद्यात लाइट असतात, मामा."

"रोज?"

तो विचारात पडला. दुसऱ्या ड्राफ्टचा जन्म हा असा झाला.

मग त्याने रीतसर वाट धरली. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहिता नोंदवली. तिथे पानांच्या हिशेबाने पैसे पडतात म्हणून आधी बाईचे संवाद कापले, तशीही ती मोजकंच बोलते. त्यानंतर अंधेरीत फी भरून दोन दिवसांची कार्यशाळा केली. तिथे त्याला मेंटॉर भेटले. पूर्वी या माणसाला गुरू म्हणत आणि त्याच्या घरी पाणी भरावं लागे. आता पाणी भरावं लागत नाही, पैसे आधी ऑनलाइन भरावे लागतात.

मेंटॉर म्हणाले, भीती युनिव्हर्सल पाहिजे. पोलादपूर कुणाला माहीत आहे? एखादं हिल स्टेशन घे. भाचा म्हणाला, "सर, आमच्याकडून आंबेनळी चढलं की महाबळेश्वरच येतं." सर म्हणाले, "मग तेच घे की! हॉटेलवाले प्रायोजक मिळतील." भूत स्ट्रॉबेरी खाणारं असावं का, एवढंच विचारायचं राहिलं.

पुढे एका निर्मात्याने नॅरेशन ऐकलं. चांगला माणूस, चहा पाजला. त्याने विचारलं, सिनेमात आहे काय? घाट, पाऊस, रात्र आणि एक बाई. निर्माता म्हणाला, बाई परवडेल, घाटही परवडेल. रात्र महाग पडते, आणि रात्री पाऊस पाडायचा म्हणजे तर विचारूच नका. बाई दुपारी आली तर चालेल का? शिवाय पटकथेतला भगत विडी ओढत अंगारा फुंकतो, म्हणजे पडद्यावर एकाच वेळी दोन पाट्या: धूम्रपान आरोग्यास हानिकारक, आणि आम्ही अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही. त्या दोन पाट्यांतून भूत दिसणार कुठून?

सरकार काही करत नाही असं म्हणणाऱ्याने आधी माहिती घ्यावी. दर्जेदार मराठी चित्रपटासाठी राज्य शासनाचं अनुदान आहे, अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख. फक्त सिनेमा आधी तयार पाहिजे. तो सेन्सॉर झालेला पाहिजे, समितीने बघून त्याला गुण दिलेले पाहिजेत, आणि मग पैसे निर्मात्याकडे जातात. आमची सोमजाई देवीसुद्धा काम झाल्याशिवाय कोंबडं मागत नाही. फरक इतकाच, की काम होईपर्यंत सोमजाई धीर देते. वहीत लिहिणाऱ्याला अनुदान नाही, कारण वहीला सेन्सॉर प्रमाणपत्र मिळत नाही. एनएफडीसीची पटकथा-लेखनाची लॅब २००७पासून आहे आणि चांगली आहे, 'द लंचबॉक्स'ची संहिता तिच्यातूनच गेली. पण अर्ज येणार अख्ख्या देशातून आणि निवड होणार बोटांवर मोजण्याइतक्यांची. आमच्या भाच्याला गावच्या कबड्डी संघातही राखीव ठेवतात.

या धंद्याचा खरा हिशेब बघायचा तर कशेडी उतरून पलीकडच्या खेड तालुक्यात जावं. तिथे तुंबाड आहे. श्री. ना. पेंडशांनी त्या गावाला कादंबरीत नेलं, राही अनिल बर्वेंनी सिनेमाला त्याचं नाव दिलं. नारायण धारपांची एक गोष्ट बर्वेंनी पोरवयात मित्राच्या तोंडून ऐकली होती. तिच्यावरून सिनेमाचा पहिला खर्डा लिहिला १९९७ साली, वय अठराच्या आसपास. सिनेमा पडद्यावर आला ऑक्टोबर २०१८मध्ये. मध्ये एकवीस वर्षं गेली, निर्माते आले आणि गेले, खऱ्या पावसासाठी पावसाळ्यामागून पावसाळे थांबावं लागलं. व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकची सुरुवात त्या सिनेमाने झाली, इकडे मात्र पहिल्या खेपेला गल्ला बेताचाच जमला. सप्टेंबर २०२४मध्ये तोच सिनेमा पुन्हा लावला, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली. म्हणजे सिनेमातल्या त्या हस्तर राक्षसाच्या कंबरेची मोहर निघायला लेखकाच्या अठराव्या वर्षापासून पंचेचाळिशीपर्यंत वेळ लागतो. आमचा भाचा सव्वीसचा आहे. बहीण स्थळं बघते आहे.

पैसा मिळत नाही असंही नाही, मराठी भुताला तो हिंदीत मिळतो. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा पिंपळावर बसतो, ही गोष्ट आमच्या आज्या फुकट सांगायच्या. २०२४ साली 'मुंज्या'ने तीच गोष्ट हिंदीत सांगून शंभर कोटी ओलांडले. विशाल फुरियांचा 'लपाछपी' २०१७ साली मराठीत आला, उसाच्या फडातला, भर उन्हात अंगावर काटा आणणारा. तो त्यांनीच २०२१ साली 'छोरी' नावाने हिंदीत केला, तेव्हा आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघ, हिंदीवाले किती वेगळं करतात!" (दिवसाढवळ्या भूत परवडतं, हे त्या निर्मात्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हेही इथे कबूल करतो.)

आता मेंटॉरबद्दल. जगात खरे मेंटॉर असतात. चैतन्य ताम्हाणेंना 'कोर्ट' लिहिता यावा म्हणून विवेक गोम्बर यांनी दरमहा १५ हजार रुपये दिले. सिनेमाचे नव्हे, नुसते लिहिण्याचे. पुढे २०१६-१७मध्ये रोलेक्सच्या एका योजनेतून अल्फोन्सो क्वारोन ताम्हाणेंचे गुरू झाले, 'रोमा'च्या सेटवर मेक्सिकोत त्यांना उभं राहून बघायला मिळालं. २०२०मध्ये व्हेनिसला 'द डिसायपल'ला पटकथेचं पारितोषिक मिळालं. सिनेमा मराठी, गोष्टही गुरू-शिष्याचीच. आम्हाला यातला मेक्सिको नको, घड्याळवाली कंपनीही नको. आम्ही त्या १५ हजारांपाशी अडकलो आहोत. तिसऱ्या पाळीचा रात्रभत्ता धरून भाच्याला थोडे जास्तच मिळतात, पण त्यात रिअॅक्टरचं तापमानही बघावं लागतं.

तर दुसरा ड्राफ्ट. भाच्याने या वेळी भूतच काढून टाकलं आणि नदी घेतली. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल पुरात गेला. दोन एसट्या आणि आणखी गाड्या त्याच्यासोबत गेल्या. अंधारात पुढे पूल नाही हे मागच्या गाड्यांना कळायला मार्ग नव्हता. गाड्या शोधायला पुढे क्रेनला ३०० किलोचं लोहचुंबक बांधून पाण्यात सोडलं होतं. भाच्याने ते सगळं लिहिलं, आणि खलनायक म्हणून एक फाइल ठेवली.

मेंटॉरने तो ड्राफ्ट वाचून लाल शाईत शेरे मारले. पहिला शेरा: पुलाची मे महिन्यात तपासणी होते, पूल वाहतुकीला योग्य ठरतो आणि ऑगस्टमध्ये वाहून जातो, हे पटत नाही. दुसरा: शेजारी नवा पूल उभा असताना वाहतूक जुन्यावरूनही का चालू आहे? प्लॉट होल. तिसरा: त्यानंतर १६५ दिवसांत नवा पूल बांधून तयार? ज्या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११पासून चाललंय, त्याच महामार्गावर? शेवट फारच फॅन्टसी झाला आहे, वास्तवाकडे आण.

भाचा म्हणाला, "मामा, यातलं एक अक्षर मी बनवलेलं नाही." मी म्हटलं, म्हणूनच नापास झालास.

महाड तालुक्यातल्या तळीये गावावर मात्र त्याने लिहिलेलं नाही. २२ जुलै २०२१ला तिथे डोंगर खाली आला, ८०हून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळ्याला आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. या सदरालाही तिथे विनोद सुचत नाही. फक्त एक सांगतो. दर वर्षी मृग लागायच्या सुमाराला आमच्याकडच्या दरडप्रवण वाड्यांना नोटीस येते. मजकूर साधारण असा, की आपली वस्ती धोक्यात आहे, अतिवृष्टीत सुरक्षित जागी जावं. सुरक्षित जागा कोणती, ते लिहिलेलं नसतं. घरातला म्हातारा ती नोटीस दोनदा वाचून घेतो, घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवतो आणि रात्री पाऊस वाढला की उठून मागच्या डोंगराकडे बघत बसतो. अर्ध्या पानात पात्र, जागा, काळ, धोका सगळं आलं. एवढं आटोपशीर भयलेखन राज्यात दुसरीकडे होत नाही, आणि त्या कारकुनाला कुणी कार्यशाळेला पाठवलेलं नाही.

मला विचाराल तर पैशाची सोय गावातच आहे. खाली रत्नागिरीत बहुरंगी नमनाच्या पोस्टरवर 'ट्रिकसीनसह' असं ठळक छापतात. राक्षस अधांतरी उडवायला चाकरमानी वर्गणी काढतात आणि पहिल्या रांगेत बसून तो उडाला का हे बघतात. आमच्याकडे शक्ती-तुऱ्याचा सामना लागला की शाहिराला बिदागी मिळते, आणि त्याला कुणी पिच डेक मागत नाही. टेनिस क्रिकेटच्या चषकाला चार दिवसांत मंडप, कॉमेंट्री, रोख बक्षीस, माणसाएवढी ढाल असं सगळं उभं राहतं. त्यातली ढाल थोडी बुटकी केली तर एका पोराचे सहा महिने निघतील. हे मी एका मंडळाच्या बैठकीत बोललो. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पटकथेची ढाल केवढी असते?"

मेंटॉरचंही तसंच. आम्हाला अंधेरीतला नको. ज्याने निदान एक भयकथा पुरी लिहून छापून आणली आहे आणि जो लाल शाईने शेरा मारण्याआधी पोलादपूर स्टँडवर उतरून एक रात्र इथे राहील, असा कुणीही चालेल. जुलैत आला तर उत्तम. रत्नाकर मतकरी असते तर त्यांना गळ घातली असती. ते गेले २०२०मध्ये.

तिसरा ड्राफ्ट सुरू झाला आहे. त्यात कशेडीची बाई परत आली आहे, पण आता ती लिफ्ट मागत नाही. तहसील कार्यालयात रांगेत उभी आहे, प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी. पुढे काय होतं ते भाच्याने मला अजून सांगितलेलं नाही, पण वाचताना मी घराची कडी तपासून आलो.

वाचकांपैकी कुणाकडे दरमहा १५ हजार रुपये आणि एक वर्षाचा धीर असेल, तर महाडला या. भाचा रोज साडेदहाला स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेतो. पाळी अकराला सुरू होते, त्याआधी भेटा.