रेंज गेली की रचना कळते

मोनोलिथ कालबाह्य झाला, असं संगणकवाले गेली दहा वर्षं सांगतायत. सगळं काम एकाच मोठ्या प्रोग्रॅममध्ये ठेवायची ही जुनी रचना. त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा चालवायचा, ही नवी. जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांनी 2014 मध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि मायक्रोसर्व्हिसेस हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला.

2023 मध्ये ॲमेझॉन प्राइम व्हिडिओच्या एका गटाने आपले तुकडे पुन्हा एकत्र केले. व्हिडिओच्या दर्जावर नजर ठेवणाऱ्या त्या यंत्रणेचा खर्च 90 टक्क्यांनी उतरला.

मग कालबाह्य कोण?

हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, प्रकाशा गावच्या तापीकाठी आणा. रेशनच्या रांगेत तो कोणी विचारत नाही. तिथला प्रश्न वेगळा आहे: ‘भाऊ, अंगठा लागना का?’

बोट ई-पॉस मशीनवर टेकायचं, माहिती दूरच्या सर्व्हरकडे जायची, तिथून होकार आला की धान्य मापायचं. रेंज नसेल तर? पोत्यात गहू आहे, कार्डवाली बाई समोर आहे, दुकानदार तिला लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखतो.

होकार तेवढा नाही.

2024 च्या पावसाळ्यात ई-पॉसच्या सर्व्हरने मान टाकली, तेव्हा सरकारलाच ऑफलाइन धान्यवाटपाला परवानगी द्यावी लागली. म्हणजे सर्व्हरशिवाय वाटप करता येतं. मग ती सोय मशीनमध्ये आधीपासून का नाही?

बोगस उचल रोखायची तर तपासणी हवीच, त्यावर वाद नाही. पण तपासायला दर वेळी सर्व्हरचं दार कशाला ठोठावायचं? देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्याच आधारचा क्यूआर कोड आज डिजिटल सहीचा असतो, आत फोटोही असतो. सही खरी की खोटी, हे इंटरनेटशिवाय कळतं.

एसटीच्या कंडक्टरला हे केव्हाच जमलं होतं. तिकिटाचं जुनं मशीन सकाळी डेपोतून भरून निघायचं, सातपुड्याच्या घाटात रेंज नसताना तिकिटं फाडायचं आणि मुक्कामाहून परतल्यावर हिशेब डेपोत उतरवायचं. घाटात बस कधी सर्व्हरसाठी थांबली?

केंद्रीय सर्व्हर मोडीत काढा, असं मी म्हणत नाही. ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेल्या कुटुंबाला तिथल्या दुकानात धान्य मिळायचं तर सर्व्हरला विचारावंच लागेल. ती त्याची खरी जागा. पण जी बाई दर महिन्याला त्याच दुकानात येते, तिची यादी मशीनमध्येच ठेवा. नोंद तिथेच करा, रेंज आली की वर पाठवा. एवढ्याने किती हेलपाटे वाचतील! एका हेलपाट्यात एक दिवसाची मजुरी बुडते, आणि ती कोणत्याच सॉफ्टवेअरच्या खर्चात धरली जात नाही.

म्हणून पुढच्या निविदेत रचनेचं नाव लिहू नका, नवीही नको आणि जुनीही नको. एवढंच विचारा: दोन दिवस रेंज नसली तर काय चालू राहील? उत्तर लेखी घ्या. आणि चाचणी मुंबईच्या दालनात नको, सातपुड्यातल्या धडगावच्या दुकानात घ्या, भर श्रावणात.