टायरचं बीपी

डोंबिवली पश्चिमेच्या एका सोसायटीत रोज सकाळी सातला दोन रक्तदाब मोजले जातात. पहिला काकांचा, तो काकू वहीत लिहून ठेवतात. दुसरा गाडीच्या चार टायरांचा. तो काका स्वतः लिहितात, आणि ती वही जास्त टापटीप आहे.

हे खूळ समृद्धी महामार्गापायी लागलं. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता भिवंडी तालुक्यात, म्हणजे जवळजवळ काकांच्या दारात येऊन थांबला. लेक संभाजीनगरला. जायचं ठरलं आणि सोसायटीत जो भेटेल तो एकच वाक्य ऐकवू लागला, "टायर बघून घ्या हं, सिमेंटच्या रस्त्यावर फुटतात." सांगणाऱ्यांतल्या दोघांकडे तर गाडीच नव्हती.

मग जावयांनी यंत्र धाडलं. व्हॉल्व्हवर बसवायची चार टोपणं आणि काचेशी ठेवायचा, उन्हावर चालणारा छोटा पडदा. पडद्यावर चार कोपऱ्यांत चार आकडे, प्रत्येकाखाली तापमान. कंपनीने सांगितलेला दाब तेहेतीस. पहिल्या दिवशी चारही टायर तेहेतीस होते आणि काकांना बोर्डात आलेल्या मुलाच्या बापासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला उजवीकडचे दोन्ही चौतीस! ऊन त्या बाजूला होतं, एवढंच. काकांनी गाडी फिरवून तिचं तोंड गेटाकडे केलं. मग डावीकडचे चढले.

खरा घोटाळा पुढे झाला. दुर्गाडीपर्यंत जाऊन आल्यावर आकडा छत्तीस दिसला. काकांनी घाबरून तीन पीएसआय हवा सोडली. सकाळी टायर थंड झाले, आकडा तिशीवर उतरला आणि यंत्र ठणाणा करू लागलं. काकांनी हवा भरली. संध्याकाळी पुन्हा छत्तीस, पुन्हा सोडली. हा खेळ तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी पंक्चरवाल्याने हळूच विचारलं, "काका, घरी सगळं ठीक आहे ना?"

वास्तविक गोष्ट साधी आहे. हवा तापली की दाब वाढतो. कारच्या टायरात साधारण पाच-सहा अंशांना एक पीएसआय. कंपनी सांगते तो आकडा थंड टायरचा, गाडी निदान तीन तास उभी असतानाचा. चालवून आणलेल्या टायरची हवा सोडणं म्हणजे चार जिने चढून आलेल्या माणसाचं बीपी मोजून त्याला लगेच गोळी देणं. हे काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण त्यांनी बीपीच्या संदर्भात सांगितलं होतं, त्यामुळे काकांनी ते टायरला लावलं नाही.

निघायचा दिवस उजाडला. मोठागाव-माणकोली पुलावरून गाडी माणकोलीला आली आणि नेहमीप्रमाणे थांबली. न्हावाशेव्याहून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेल्या कंटेनरांची रांग. कडेला एक बावीस टायरी ट्रेलर उभा. पुढच्या घोड्याला दहा चाकं, मागच्या ट्रॉलीला बारा. त्याचा ड्रायव्हर लोखंडी टामी घेऊन एकेक टायर ठोकत चालला होता. ठण. ठण. ठण. धप्प. तो थांबला, वाकला, जोडीच्या दोन टायरांमधला दगड टामीने उचकटून काढला आणि परत ठोकलं. धप्प.

"किती हवा असते हो?" काकांनी काच खाली केली.

"एकशे दहा, एकशे वीस. ठण बोलला की बरा काका, धप्प बोलला की आजारी." मग त्याने चाकाच्या मधोमध हाताची मागची बाजू टेकवली. "इथं हात ठेववला नाही तर ब्रेक चिकटलाय."

दाबाला टामी, तापमानाला हात. काकांनी आपला पडदा दाखवला. ड्रायव्हरने तो निरखून बघितला आणि म्हणाला, "चारच?"

पण या यंत्राची गरज काकांपेक्षा त्यालाच जास्त होती. कारचं पुढचं चाक बसलं तर स्टिअरिंग ओढतं, कळतं. ट्रेलरच्या मागच्या बारांतलं आतलं एक चाक बसलं तर चाळीस फूट पुढे बसलेल्या माणसाला पत्ता लागत नाही. त्याचा भार जोडीदार टायर मुकाट्याने उचलतो, जास्त दबतो, दर फेऱ्याला जास्त वाकतो आणि तापतो. शेवटी फुटतो तोही. आणि टामी चालत्या गाडीला मारता येत नाही.

"मग चालताना कसं कळतं?" काकांनी विचारलं.

"लोक सांगतात की," तो म्हणाला.

हे शंभर टक्के खरं. कल्याण-शीळ रस्त्यावर अनोळखी माणूस आपल्याशी बोलतो तो फक्त तीन-चार कारणांनी: "स्टॅण्ड!", "ओढणी!", "टायर!" आणि "लाइट चालूय!" यातलं शेवटचं १ एप्रिल २०१७पासून निरर्थक आहे, कारण तेव्हापासून नव्या दुचाकींचा दिवा चालूच राहतो, बंद करता येत नाही. तरी लोक हाताच्या मुठी उघडून-मिटून दाखवतात. सवय आहे, शिवाय त्यात आपुलकीही आहे.

'चारच' हा शब्द मात्र काकांना लागला. खरंच, पाचवा टायर राहिलाच होता! २०२०च्या नियमाने हवेवर नजर ठेवणारं यंत्र, ट्यूबलेस टायर आणि दुरुस्तीचा संच असलेल्या कारला स्टेपनी सक्तीची नाही; पण काका स्टेपनीवाल्या पिढीतले. (वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ साली दोघा भावांनी हे जादा चाक काढलं. त्यावरून पडलेलं नाव आपल्याकडे इतकं रुळलं की ते परकं वाटतच नाही.) रांग हलत नव्हती. काका उतरले, डिकी उघडली, पापडांचा डबा आणि दोन पिशव्या बाजूला सारल्या, खिशातल्या गेजने स्टेपनीची हवा बघितली. अठ्ठावीस. तेवढ्यात पुढची गाडी सरकली, मागून हॉर्न वाजले आणि काका धावत येऊन बसले.

नाशिक रस्त्याला लागल्यावर पडद्यावर चौतीस, चौतीस, पस्तीस, चौतीस. इतक्यात एक बाइकवाला शेजारी आला आणि मागे बोट दाखवू लागला. काकांनी हसून पडद्याकडे बोट दाखवलं. त्याने मान हलवली, आणखी जवळ आला आणि हेल्मेटची काच वर करून ओरडला,

"काका, डिकी! तुमचा डबा पडला मागे!"