दाढ भाजायची रजा

एप्रिलात आप्पांचा फोन आला, "दाढ भाजायची हाय, दोन दिस काढून ये." आप्पा म्हणजे माझे चुलते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की वाटेत आमचं गाव. मी मुंबईच्या ऑफिसात तसाच्या तसा अर्ज खरडला : ‘दाढ भाजण्यासाठी गावी जात असल्याने दोन दिवसांची रजा मिळावी.’ तासाभरात मंजूर. वर साहेब स्वतः टेबलापाशी आले आणि आपल्याच गालावर हात ठेवून म्हणाले, "गावठी इलाज नका करू हो. हल्ली रूट कॅनाल अजिबात दुखत नाही."

आता काय सांगायचं? आमच्याकडे दाढ तोंडात असते तशी शेतातही असते. भाताची रोपं वाढवायचा तुकडा म्हणजे दाढ. ठाण्याच्या बाजूला याच भाजणीला राब म्हणतात, आणि त्यात राबावं किती लागतं हे शब्दच सांगतो. खाली सुकं शेण, त्यावर ऐनाची तोडून वाळवलेली कवळ, मग पातेरा, गवत, आणि सगळ्यावर चाळल्यासारखी बारीक माती. ही माती महत्त्वाची; ती नसेल तर भडका उडतो आणि सगळं दहा मिनिटांत आटोपतं. दाढ धुमसली पाहिजे. तणाचं बी मरतं, राख खत होते, आणि माती इतकी भुसभुशीत होते की लावणीच्या वेळी रोप मुळासकट अलगद हातात येतं.

साहेबांना दाढ न कळणं तसं जुनंच. इंग्रजांनी जंगलं राखीव केली तेव्हा कवळ तोडण्यावरून एवढा ओरडा झाला, की १८८५ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास कमिशन नेमावं लागलं. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. आमच्या पणज्यांना ते समजावून सांगताना किती घाम फुटला असेल, याची मला आता कल्पना आहे.

गावी पोचलो. आप्पा वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावत होते आणि मी त्यांना व्युत्पत्ती सांगत होतो. तोंडातली दाढ संस्कृत दंष्ट्रेची. प्राकृतात दाढा झाली, मराठीत बसली. शेतातली मात्र त्या घराण्यातली नसावी. दग्ध म्हणजे जळलेलं. त्याचं प्राकृतात दड्ढ होतं. हत्थचा हात, सत्तचे सात, तशी दड्ढची दाढ व्हायला माझी काही हरकत नाही. म्हणजे दाढ भाजणं हे भाजलेलंच पुन्हा भाजणं!

आप्पांनी विडी कानावरून काढली. "आरं, रोहिणीत बी टाकलं की आठ दिसांत जमिनीला हिरवी दाढी येती. म्हनून दाढ. त्याला संस्कृत कशाला लागतंय?"

दाढीतली ई कुठे गेली, असं मी विचारणार इतक्यात वारा फिरला. आप्पा चपळाईने बाजूला झाले. मी व्याकरणात होतो. डावी भुवई निम्मी गेली.

सोमवारी साहेबांनी माझं तोंड बराच वेळ न्याहाळलं. "सूज नाही दिसत. पण भुवई?"

मी सगळं सांगितलं. शेण, कवळ, माती, दड्ढ. साहेब भंडाऱ्याचे, हे मला तेव्हा कळलं.

"अहो, मग पऱ्हे म्हणा ना सरळ!" ते म्हणाले. "आमच्याकडे भुवया न जाळता टाकतात." आणि त्यांनी माझा अर्ज मागवून घेतला, ‘आजारपणाची’ खोडून वर लिहिलं, ‘किरकोळ’.