बेताल तीनशे

आमच्या घरी गणपती दीड दिवसाचा. सजावट मात्र दीड महिना चालते, आणि विसर्जनाला निघतानाही कुठला तरी एक खांब अजून वाळायचाच असतो. थर्माकोल चालत होता तोवर हे खातं माझ्या मेव्हण्याकडे होतं. तापलेल्या तारेने तो अशी महिरप कापायचा की पाहुणे आधी मखराला हात जोडायचे. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, पर्यावरणाला जरा श्वास घेता आला आणि मलाही. मैदान मोकळं झालं होतं. पुढच्या वर्षांत मी पुठ्ठा, बांबूच्या कामट्या आणि आईच्या जुन्या इरकली असं सगळं वापरून पाहिलं. गेल्या वर्षी पुठ्ठ्याचा कैलास केला. आई चष्मा पुसून म्हणाली, “छान झालीय रे पर्वती.”

यंदा काहीतरी निर्णायक करायचं होतं. अशा मनःस्थितीत माणसाने रात्री साडेअकराला मोबाइल हातात घेऊ नये. मी घेतला, आणि मला ओहायो राज्यातल्या मेसन गावचं ते घर दिसलं.

कार्सन विल्यम्स नावाच्या एका इलेक्ट्रिकल इंजिनिअरचं ते घर. वीस-एक वर्षांपूर्वी त्याने नाताळात घराला आणि अंगणाला 16,000 दिवे लावले, त्यांची 88 चॅनेलांत वाटणी केली आणि ट्रान्स-सायबीरियन ऑर्केस्ट्राच्या एका गाण्यावर त्यांना सुरासुराला नाचवलं. व्हायोलिन पळालं की कौलांच्या कडा पळतात, ढोल वाजला की झाडं दचकतात. तो व्हिडिओ जगभर फिरला, एका बिअरच्या जाहिरातीतही झळकला. यातली मला सगळ्यात परकी वाटलेली गोष्ट अशी, की शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून गाणं लाउडस्पीकरवर नव्हतंच. छोट्या एफएम ट्रान्समीटरवरून ते सुटायचं आणि बघायला आलेले लोक आपापल्या गाडीतला रेडिओ लावून ऐकायचे. शेजाऱ्याला ऐकूच गेला नाही तर तो उत्सव कसला, हे त्या देशाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. पुढे 2005 च्या डिसेंबरात बघ्यांच्या गाड्यांची इतकी कोंडी झाली की जवळच झालेल्या एका अपघाताच्या जागी पोलिसांना पोचता येईना. तेव्हा त्याने आपणहून दिवे बंद केले.

“गर्दीची काळजी घ्यावी लागेल,” मी बायकोला म्हणालो.

“गेल्या वर्षी सतरा माणसं आली होती,” ती म्हणाली. “त्यातली अकरा आपलीच.”

खरं तर दिव्यांची उघडझाप करायची ही खाज विजेइतकीच जुनी आहे. एडिसनचा एक सहकारी होता, एडवर्ड जॉन्सन. त्याने 1882 च्या नाताळात न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी झाडाला लाल, पांढरे आणि निळे मिळून 80 दिवे लावले. जगात बहुतेक ठिकाणी अजून विजेचा पत्ता नव्हता, आणि हा गृहस्थ नुसते दिवे लावून थांबला नाही. झाड गोल फिरेल आणि फिरता फिरता दिवे आळीपाळीने लागतील-विझतील अशी त्याने सोय केली. त्याच्या बायकोचं यावर काय म्हणणं होतं याची इतिहासात नोंद नाही. माझ्या बायकोचं माझ्याकडे आहे, पण ते इथे नको.

आमच्या पेठेतल्या मंडळाची रोषणाई माझ्या लहानपणी एक वायरमनकाका करायचे. मांडवाच्या मागे त्यांचा एक लाकडी ढोल असायचा, त्याच्यावर ठोकलेल्या तांब्याच्या पट्ट्या आणि त्या पट्ट्यांना घासणाऱ्या पत्र्याच्या जिभा. मोटरने ढोल फिरायचा. पट्टी जिभेखाली आली की दिवे लागायचे, सरली की विझायचे. समोर लोकांना मोर पिसारा फुलवताना दिसे, मागे आम्हाला निळ्या ठिणग्या आणि काकांची विडी. दोन्हींत अंतर फार कमी असे, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. मधूनच मोटर जळायची. मग काका शिव्या घालत हातानेच ढोल फिरवायचे. आणि समोर लेझीम आलं की मोटर धडधाकट असली तरी काढून ठेवायचे आणि हातानेच फिरवायचे. का, ते मी कधी विचारलं नाही.

तर मी तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात ज्याला कुणाला विजेच्या वस्तूतलं काही कळतं किंवा कळतं असं वाटतं, तो आयुष्यात एकदा तरी या गल्लीत येतो आणि स्वतःला काही कळत नाही हे कळून परत जातो.

“गाण्यावर नाचणारी माळ हवी,” मी म्हणालो.

“कुणी नाचवायची? तिने का तुम्ही?” दुकानदाराने विचारलं. हा विनोद नव्हता. रिमोटवाली तयार माळ स्वतःच्या मर्जीने नाचते. आपल्या मर्जीने नाचवायची तर एकेका दिव्याला वेगळी हाक मारता येईल अशी पट्टी लागते. त्याने डब्ल्यूएस 2812 बी या नावाची पाच मीटरची पट्टी काढून ठेवली. मीटरला 60 दिवे, म्हणजे एकूण 300. शिवाय नखाएवढा ईएसपी-32 नावाचा मेंदू. इतका छोटा मेंदू इतक्या स्वस्तात मिळाल्यावर मला माझ्या पगाराबद्दल थोडी काळजी वाटली.

ही पट्टी चालते कशी, ते कळलं तेव्हा मात्र मी खरोखर हरखलो. मेंदू तीनशे दिव्यांसाठीचे तीनशे निरोप एकाच तारेने, एकामागून एक सोडतो. पंगतीत प्रसादाचं ताट फिरावं तसं हे. पहिला दिवा आपल्या वाट्याचा निरोप उचलतो आणि बाकीचं ताट पुढे सरकवतो, दुसरा त्याच्या वाट्याचा उचलतो. शेवटच्या पानापर्यंत ताट जायला नऊ मिलिसेकंद लागतात. आमच्याकडे एवढ्या वेळात काकूंचं “मला नको, मला नको” सुद्धा सुरू होत नाही. यातली मेख इतकीच, की मधला एक जरी जेवणारा मेला तर त्याच्या पुढचे सगळे उपाशी. आणि ताट उलट्या बाजूने फिरत नाही. पट्टीवर बाणाची खूण असते. ती मला पट्टी उलटी चिकटवून झाल्यावर दिसली.

पट्टी सुलटी केली. मग रंग. गणपतीच्या मागे लाल जास्वंद फुलवायचं होतं, ते गर्द हिरवं फुललं. या जातीच्या पट्टीत आधी हिरवा, मग लाल, मग निळा असा क्रम असतो. आपण लाल म्हणून पाठवलेला आकडा तिला हिरवा ऐकू येतो. चिरंजीवांनी एक ओळ बदलून ते दुरुस्त केलं. चिरंजीव आठवीत आहेत आणि अशा वेळी चेहरा कोरा ठेवतात. हे वळण आमच्या घराण्यातलं नाही.

त्यानंतर पट्टीला भरलं हिव. दिवे थरथरत, मध्येच भलत्याच रंगात किंचाळत. चार रात्री मी डाग देण्यात चूक शोधत होतो. कथलाच्या धुराने घरातले डास गेले, ही एक जमेची बाजू. शेवटी कळलं ते असं. पट्टीला एका ठिकाणहून वीज दिली होती, मेंदूला दुसरीकडून, आणि दोघांची जमीन, म्हणजे ती काळी ग्राउंडची वायर, एकमेकांना जोडलेलीच नव्हती. सातबारा सामायिक असल्याशिवाय या दोघांना एकमेकांचं बोलणं समजत नाही. आमच्या खानदानात नेमकं उलटं आहे. जमीन सामायिक आहे म्हणूनच बोलणं बंद आहे.

मग आला विजेचा हिशेब. पट्टी पाच व्होल्टची, मोबाइलचा चार्जरही पाच व्होल्टचा, तेव्हा मी चार्जर लावला होता. एका गावात एकच नळ आहे म्हणून त्यावर अख्ख्या गावाने आंघोळ करावी तसा हा प्रकार. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की 60 मिलिअँपिअर ओढतो. तीनशेचे झाले 18 अँपिअर. मी कारकुनीत आयुष्य घालवलेला माणूस, हा गुणाकार करायला मला चार्जर गरम होऊन त्याचा वास येईपर्यंत थांबावं लागलं. जाळीच्या डब्यातला 20 अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे दणकट वीजपुरवठा, आणला, तरी मखराचा डावा खांब शुभ्र आणि उजवा विटकरी. लांबवर जाता जाता पट्टीतच व्होल्ट गळतात, आणि गळती लागली की निळा आणि हिरवा आधी मान टाकतात, कारण त्यांना लालपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. उपाय म्हणजे दुसऱ्या टोकालाही जाड वायरने वीज पोचवायची. बायकोने तोपर्यंत तो विटकरी खांब पाहुण्यांना “मावळतीचा सूर्य” म्हणून दाखवायचं ठरवलं होतं. तिची समजून घेण्याची ताकद या काळात मला वारंवार दिसली.

यापुढे उरलं फक्त संगीत, ज्यासाठी हे सगळं होतं.

याच्या दोन वाटा आहेत. सोपी वाट म्हणजे मेंदूला मायक्रोफोन जोडायचा. तो आवाज ऐकतो, त्यातले जाड-बारीक सूर निवडतो आणि दिवे त्यावर डोलतात. मी जोडला. एका संध्याकाळी कसून तालीम केली. तबला लावला, दिवे ढिम्म. सनई लावली, एखाददुसरा दिवा मिणमिणला. तेवढ्यात स्वयंपाकघरात वरणभाताच्या कुकरची शिट्टी झाली आणि आख्खं मखर मुळापासून कळसापर्यंत असं काही उसळलं, की मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांवरही ते उसळलं. मग दाराच्या बेलवर, भांडी घासणाऱ्या मावशींच्या आवाजावर, आणि “आता पुरे कर!” या वाक्यावर तर फारच सुंदर.

दुसरी वाट म्हणजे संगणकावर एक्सलाइट्स नावाचा फुकट प्रोग्रॅम घ्यायचा, गाण्याची फाइल त्यात पसरायची आणि कुठल्या ठोक्याला कुठला दिवा, ते एकेक करून मांडायचं. फुकट म्हणजे पैसे नाहीत. बाकी सगळं पडतं. मला एका मिनिटाच्या गाण्याला चार तास लागले. पाच आरत्या मांडेपर्यंत मी स्वप्नातही झांज कितव्या मात्रेवर पडते ते मोजत होतो. पण काम असं झालं म्हणून सांगू! प्रत्येक कडव्याला कमान डावीकडून भरत जाई, धृपदाला प्रभावळ फिरे, झांजेला पायऱ्या लखलखत. चतुर्थीच्या पहाटे तीनला मी एकट्याने ते सगळं पाहिलं. मेव्हण्याला फोन करायची इच्छा झाली, ती आवरली.

सकाळी प्रतिष्ठापना झाली, आरतीला सगळे उभे राहिले, मी फाइल सुरू करणार एवढ्यात आई म्हणाली, “देवापुढे रेकॉर्ड लावणार? आपल्याला काय घसे नाहीत?”

म्हणून मी गाणं फक्त माझ्या एका कानात घातलं, दिवे सुरू केले आणि सगळ्यांना हाताने लय दाखवू लागलो. मोठ्या काकांना वाटलं मी आवाज वाढवा म्हणतोय. त्यांनी वाढवला, आणि आवाजाबरोबर लयही. आमच्या घरी आरती नेहमीच उताराला लागलेल्या एसटीसारखी होत जाते. पहिल्या कडव्यात सगळे सोबत असतात, शेवटच्यात प्रत्येक जण आपल्या जिवाच्या आकांताने. गणपतीची आरती संपली तेव्हा दिवे दुसऱ्या कडव्यात होते. देवीच्या आरतीला दिव्यांचा शंकर चालू होता. विठ्ठलाच्या आरतीला मी दिवे पुढे ढकलून कसेबसे सोबत आणले, आणि ती जागा आली. हाक मारताना सूर धरायचा आणि श्वास संपेपर्यंत सोडायचा नाही, ती. फाइलमधल्या गायकाने तो सभ्यपणे सहा सेकंद धरलेला. आमच्याकडे काका आणि आत्या यांच्यात त्या सुरावरून गेली तीस वर्षं शर्यत आहे. दिव्यांनी सहा सेकंदांत आपलं काम उरकलं, पुढचं कडवं संपवलं, प्रभावळ फिरवली आणि सगळे विझून गेले. काका आणि आत्या अजून त्याच सुरावर होते. अंधारात.

“वीज गेली का?” डोळे मिटलेल्या आत्याने नंतर विचारलं.

दुपारी मी जेवलो नाही, म्हणजे मोदक अकराच खाल्ले. चिरंजीव मात्र जुन्या दारबेलचं बटण घेऊन मखरामागे गेले आणि दहा मिनिटांनी बाहेर आले. बटण दाबलं की प्रभावळ भरत जाते, दाबून धरलं की धरलेली राहते, सोडलं की हळूच उतरते. बस, एवढंच. माझ्या पाच आरत्या त्यांनी एका फोल्डरमध्ये नीट ठेवून दिल्या होत्या. फोल्डरला ‘बाबा’ असं नाव होतं.

“आजी, हे तू धर,” ते म्हणाले.

संध्याकाळच्या आरतीला आई पाटावर बसून होती, मांडीवर बटण. पहिल्या दोन आरत्या तिने ते नुसतं चाचपडत घालवल्या. तिसरीत तिला झांजेचा ठोका सापडला. मग काका पळाले तर दिवे पळत होते, काका धापा टाकायला थांबले तर थांबत होते. विठ्ठलाची आरती आली. आत्याने सूर धरला, काकांनी धरला, आईने बटण धरलं. तीनशे दिवे चढत गेले आणि वर जाऊन थबकले. काका संपले. आत्या तीन-चार सेकंद जास्त टिकली, मग तीही संपली आणि जिंकल्याच्या डोळ्यांनी इकडेतिकडे बघू लागली. दिवे तसेच होते. आई दात-ओठ खाऊन बटण दाबून बसली होती आणि आपल्या नणंदेकडे बघत होती.

एसएमपीएसच्या डब्याला मी हात लावून पाहिला, चांगलाच तापला होता.

“आई, सोड आता.”

“थांब रे जरा,” ती म्हणाली.